सोजराक्कांचे गार नखुले

नातसुनेनं परवा दुपारी तिच्या मैत्रिणी घरी बोलावल्या. वैशाखातली परभणी, अशा उन्हात बायकांनी एकमेकींकडं जाऊच नये असं माझं मत, पण माझं मत आता कुणी विचारत नाही. तिनं सकाळीच पास्ता उकडून घेतला, चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडलं, तेलाचा हात फिरवला आणि फ्रीजमध्ये ठेवून दिला. मैत्रिणी यायच्या वेळेला त्यात दही, काकडी, कांदा, आणखी काहीबाही घातलं आणि एक वाटी माझ्यापुढं केली. म्हणाली, "आजी, बघा बरं आवडतंय का. आणि गरम करून मागू नका, हे गारच खायचं असतं."

मी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "कैरी नाही घातलीस."

पास्त्यात कैरी कुणी घालतं का, म्हणून ती हसली. मी म्हणाले, घालतं. कोण, ते सांगत बसले नाही. तिच्या मैत्रिणी दारात आल्या होत्या, आणि सोजराक्का ही काही कुणी चपला काढेपर्यंत सांगून होईल अशी बाई नव्हती.

मी लग्न होऊन बोरीला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि ते जायला अजून बरेच उन्हाळे बाकी होते. आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कुडाची भिंत, पलीकडं सोजराक्का राहायच्या. त्या आणि त्यांची लेक कौसा, एक म्हैस, मागच्या अंगणात आंब्याचं एक झाड आणि गावाबाहेर थोडं कोरडवाहू रान. पहिले काही दिवस मला वाटत होतं की भिंतीपलीकडं चार-पाच बायका नांदत असाव्यात. एका बाईचा एवढा वावर कसा असेल? आत्ता अंगणात भांडं वाजलं म्हणावं, तोवर गोठ्यात म्हशीला दटावणं चाललेलं, तोवर तोच आवाज रस्त्यावरून येतोय. शेवटी आत्याबाईंना विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गयाबाई. त्या निवडत्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "येकलीच हाय ती. बूड टेकत न्हाई कुठं."

हे अगदी खरं होतं. सोजराक्का उंच, हाडकुळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला आणि कपाळावर हे एवढं कुंकू. त्या जेवायच्यासुद्धा उभ्यानं. भाकरीवर ठेचा घ्यायचा, चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत फिरत फिरत ती संपवायची. आमच्याकडं आल्या आणि मी "बसा ना" म्हणाले की हमखास "बसते की, घाई काय हाय" म्हणायच्या आणि खांबाला टेकून उभ्या राहायच्या. मग बोलता बोलता एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी मोठी शांत पोर होते असं नाही, पण त्या समोर असल्या की मलाच दम लागायचा. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. कुणी आपल्यासमोर सारखं उठतं-बसतं आहे, आणि बसतं तर मुळीच नाही, हे सहन करायला वेगळाच स्वभाव लागतो. तो माझा नव्हता.

त्यांच्या या चळवळेपणाचं कारण मला आत्याबाईंनी सांगितलं नाही, आमच्या गल्लीनं सांगितलं. कौसा रांगत होती तेव्हा तिचा बाप किसन कामासाठी हैदराबादला गेला, गिरणीत. अंगावर घोंगडी टाकली, परभणीच्या गाडीत बसला आणि गेला. पहिल्या वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून निरोप आले, मग निरोपही बंद झाले. कुणी म्हणे त्याला शहरात पाहिला, चांगला जाड झालाय. कुणी म्हणे पटकीच्या साथीत गेला. कुणी म्हणे दुसरं बिऱ्हाड केलं. बोरी परभणी-जिंतूरच्या रस्त्यावर, आणि सोजराक्कांचं घर त्या रस्त्याच्या तोंडाशी. परभणीकडून बैलगाडी आली, चाकांचा आवाज आला, की सोजराक्का हातातलं टाकून दारात. गाडी पुढं गेली की परत. वर्षानुवर्षं हेच. बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो, म्हणून त्या बसतच नसाव्यात.

आता गल्लीपुढं पेच असा होता की सोजराक्कांना धरायचं कुणात? सवाष्ण म्हणावं तर नवरा कुठं आहे? विधवा म्हणावं तर मेल्याची बातमी कुठं आहे? त्या स्वतः कुंकू लावायच्या, बांगड्या भरायच्या, आणि कुणी त्यांच्या तोंडावर काही बोलायचं नाही. पण हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांच्या दारापर्यंत यायचं आणि थोडं घुटमळायचं.

हे सगळ्यांत जास्त दिसायचं ते उन्हाळ्यात, वळवटाच्या दिवसांत. वळवट म्हणजे वर्षाची बेगमी: शेवया, नखुले, गव्हले, सगळं गव्हाच्या पिठाचं, हातानं वळून उन्हात वाळवलेलं. एकटीचं काम नाही ते. म्हणून सावडीनं चालायचं, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. शेवयांचा लांब पाट बाजेला तिरपा लावायचा, एक बाई वर बसून शेवया ओढायची, दुसरी खाली त्या झेलून काठीवर टाकायची. बाकीच्या गोल करून बसायच्या आणि पिठाचा चिमूटभर गोळा नखानं दाबून नखुले पाडायच्या. घरात लग्न असेल तर गव्हलेही व्हायचे, तांदळाच्या दाण्याएवढे, दोन बोटांत वळलेले, खिरीसाठी. गव्हल्यांना मात्र मुहूर्त लागायचा. पाटाला हळद-कुंकू लावायचं, सवाष्णींनी भोवती बसायचं, आणि पहिला गव्हला नवरीच्या आईनं त्या पाटावर बसून वळायचा. आई सवाष्ण नसेल तर चुलतीनं, तीही नसेल तर गल्लीतल्या थोर बाईनं. आमच्या गल्लीत थोर बाई म्हणजे आत्याबाई. कोणी कुठं बसायचं हे त्या ठरवायच्या आणि त्यावर अपील नव्हतं.

मी आले त्याच उन्हाळ्यात एका घरी लग्नाचे गव्हले होते. सोजराक्का, नवल म्हणजे, चक्क बसल्या होत्या. ताटातला गोळा उचलायला त्यांनी हात पुढं केला आणि आत्याबाईंनी ताट अलगद आपल्याकडं ओढलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "सोजरे, तू दुपारच्या खान्याचं बग बाई. समद्या उपाशी हायत."

सगळ्या बायका पिठाकडं बघायला लागल्या. सोजराक्का "बरं" म्हणून उठल्या.

गार नखुले तिथून सुरू झाले. म्हणजे त्यांनी काही ठरवून नवा पदार्थ काढला असं नाही. वाळत घातलेल्यांतले वाकडे, तुटके, एकमेकांना चिकटलेले नखुले बाजूला निघायचे. चांगले डब्यात जायचे, लग्नात जायचे, वाकडे लेकरांना गूळ घालून द्यायचे. सोजराक्कांनी त्या दिवशी ते वाकडे पदरात घेतले आणि उकळायला टाकले. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. त्या बाहेर पळाल्या, हात पिठाचे, डोक्यावर पदर नाही. गाडी ओढ्याकाठच्या वाळकांची होती, बाजाराला निघालेली. गाडीवानानं थांबवून विचारलं, काय पाहिजे? आता काय सांगणार? भर रस्त्यात, सगळ्या गल्लीच्या बायका दारातून माना काढून बघतायत. सोजराक्का म्हणाल्या, "वाळकं पायजेत." आणि ओटीत वाळकं घेऊन आल्या. वाळूक म्हणजे आमच्याकडची काकडीच समजा, पण अंगात पाणी जास्त.

इकडं नखुले उकडून झाले होते. गरम खायला कुणाचा जीव होत नव्हता, ऊन तसं होतं. सोजराक्कांनी ते दुरडीत ओतले, वर विहिरीचं पाणी ओतलं, करडईच्या तेलाचा हात फिरवला, वाळकं चिरून टाकली, दही घातलं, झाडाची एक कैरी किसून टाकली, वर मिरची-मोहरीची फोडणी. आत्याबाई आधी म्हणाल्या, "वळवटाला दही? गूळ-तुपाचं आन्न हाय ते." मग खाल्लं. मग वाटी पुढं केली.

त्यानंतर वळवट कुणाच्याही घरी असो, दुपारचे गार नखुले सोजराक्कांनी करायचे हे ठरून गेलं. त्यांच्या सोयीचं होतं. उभ्यानं करायचं काम, मधेच पळता येतं. पण करताना त्या मोठ्या काटेकोर. नखुले पाण्यावर तरंगले की लगेच काढायचे, दाताला लागले पाहिजेत, पिठलं व्हायला नको. तेल गरम असताना नाही, गार पाणी निथळल्यावर. मग ओल्या फडक्यात बांधून वाऱ्याला टांगायचे. आणि दही अगदी शेवटी. मी एकदा घाई करून आधीच दही घातलं तर मला म्हणाल्या, "अगं, नखुला दही पितोय. तू घालायलीस दही अन् बायका आल्यावर वाडशील गोळा. मानसं बसली का मंग घालावं." दाण्याचं कूट वरून, कांदा ताटात पडायच्या वेळी. आता नातसून मला सांगते की ड्रेसिंग आयत्या वेळी घालायचं असतं. मी मान हलवते.

एवढं करून स्वतः मात्र त्या ते बायकांत बसून खायच्या नाहीत. सगळ्यांना वाढून वाटी हातात घेऊन दारात उभ्या. मला त्यांच्याबरोबर कैरी किसायला बसवलेलं असायचं, म्हणजे मी बसलेली, त्या उभ्या. एकदा किसता किसता मी विचारलं, मोठ्या शहाणपणानं, "सोजराक्का, आत्याबाईंनी त्या दिवशी ताट ओढलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," त्या म्हणाल्या. "वाटायचं काय ऱ्हातंय. पन गयाबाईचं तरी काय चुकलं? तिला जी भीती हाय ती नवरीच्या आईला बी हाय. शंकेचा हात कोन लावून घेईल?" मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "माज्या कौसाच्या लग्नात पैला गव्हला मीच वळनार हाय. तवा कोन मला पाटावरून उठवतंय ते मी बगते."

हे त्या नंतर इतक्यांदा म्हणाल्या की आम्हाला पाठ झालं. म्हशीची धार काढताना, कैऱ्या उतरवताना, कौसाच्या वेणीला फणी लावताना. पहिला गव्हला मी वळणार. ऐकणाऱ्याला वाटावं गव्हल्याचं काय एवढं, पिठाचा दाणा तो. पण त्या बाईला एवढी वर्षं कुणी सांगत नव्हतं ती कोण आहे, आणि त्या एका दाण्यात ते ठरणार होतं. तिला पाटावर बसवलं तर गल्लीनं तिला कौसाच्या बापाची बायको मानलं. नाही तर नाही.

कौसा मोठी झाली. शांत, गोल चेहऱ्याची, आईच्या अगदी उलट. तिला ताडकळसचं स्थळ आलं. पाहुण्यांनी विचारलंच, मुलीचा बाप कुठं असतो? सोजराक्का उभ्यानंच म्हणाल्या, "शहराला. कामाला." कन्यादान मामानं करायचं ठरलं. वैशाखातली तिथी निघाली आणि त्याआधी दोन दिवस गव्हल्यांचा मुहूर्त. आता आत्याबाई काय करतात याकडं गल्लीचे डोळे लागले होते, आणि आत्याबाई काही बोलत नव्हत्या. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "तू तुजं काम कर." म्हणजे त्यांचंही ठरत नव्हतं.

मुहूर्ताच्या सकाळी सोजराक्कांच्या पुढच्या अंगणात पाट मांडला. त्यांनी पहाटेच नखुले उकडून फडक्यात बांधून आंब्याला टांगले होते. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. सवाष्णी जमल्या. मी मागच्या दाराशी मांडलेल्या चुलीपाशी होते, तिथून पुढचं सगळं दिसायचं. आत्याबाईंनी पाटाला हळद लावली, कुंकू लावलं, पिठाचं ताट समोर घेतलं, आणि क्षणभर थांबून ते ताट सोजराक्कांकडं सरकवलं. बस्स, एवढंच. सोजराक्का बसल्या. मांडी घालून, नीट, पदर सावरून. मी त्यांना इतकं नीट बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पिठाला बोट लावलं.

आणि रस्त्यावर गाडी वाजली.

त्या उठल्या. सवयच ती. आत्याबाई वैतागून म्हणाल्या, "सोजरे, आज तरी!" पण त्या दारात पोचल्यासुद्धा होत्या. या वेळी गाडी पुढं गेली नाही, दारातच थांबली. तिच्यातून एक वाळलेला माणूस उतरला. पुढं बायका जमलेल्या बघून तो बाजूनं मागच्या अंगणाच्या फाटकाशी आला, त्याच्या पाठोपाठ सोजराक्का; मी चुलीशी बसले होते तिथून चार पावलांवर. त्याच्या हातात गाठोडं आणि खांद्यावर काळी घोंगडी. घोंगडीचा एक कोपरा जळालेला आणि त्यावर पांढऱ्या लोकरीचं ठिगळ.

"वहिनी," तो म्हणाला, "मी सटवाजी. चारठान्याचा. किसनभाऊसंगं येका खोलीत ऱ्हायचो."

सोजराक्का त्याच्याकडं बघत नव्हत्या, ठिगळाकडं बघत होत्या. ते त्यांनीच घातलेलं होतं. हे मला नंतर कळलं, पण त्यांचा चेहरा बघून त्याच वेळी कळलं असं म्हटलं तरी चालेल.

"उनातून आलाव," त्या म्हणाल्या. "हातपाय धुवा."

"वहिनी, आधी आयकून घ्या. मला लय दिसापासून तुमाला—"

"धुवा म्हन्ते ना."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं लांब गावी कुणी वारलं तर सुतक मेल्या दिवसापासून नाही, बातमी कानावर पडल्यापासून धरतात. सटवाजीच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं की त्याच क्षणी त्या घराला सुतक लागलं असतं. पाट उचलावा लागला असता, मांडव मोडावा लागला असता, आणि बापाच्या माघारी पुन्हा मांडव घालेपर्यंत ताडकळसचे पाहुणे थांबलेच असते याची खात्री नव्हती.

सोजराक्कांनी त्याला आंब्याखाली बसवलं, फडकं सोडलं, दही घातलं, आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं. तो बिचारा सरळ माणूस. शहरातून तेवढं एक ओझं घेऊन आलेला, ते उतरवायचं सोडून दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

"किसनभाऊचं आसं झालं—"

"वाळूक घ्या," म्हणून त्यांनी ताटात वाढलं.

त्यानं खाल्लं. "वहिनी, तुमी मनाला लावून घेऊ नका, पन—"

"कैरी आंबट लागायलीय का?"

"न्हाई."

"मंग खावा." आणखी एक पळी.

तो घास गिळायचा, तोंड उघडायचा, आणि त्या वाढायच्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे बघून मी पोट धरून हसले असते. तिसऱ्यांदा का चौथ्यांदा त्या वाढायला वाकल्या तेव्हा त्यांनी ताटात रिकामीच पळी पालथी केली, आणि सटवाजी थांबला. त्यानं वर बघितलं.

सोजराक्का त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. अगदी हळू बोलल्या. "सटवाजीभाऊ, तुमी जे सांगायला आलाव ते मी आयकनार हाय. न्हाई म्हनत न्हाई. पन आज न्हाई. परवा माज्या लेकीच्या डोक्यावर अक्षता पडायच्यात. त्या पडू द्या. मंग मी तुमच्या दारात येते, चारठान्याला. तवा सांगा. पैल्यापासून सांगा, काय बी ठेवू नका."

सटवाजीनं मान हलवली आणि खाली घालून खात राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. सोजराक्कांनी त्याच्या खांद्यावरची घोंगडी काढून घेतली, घडी घातली आणि गोठ्यात कडब्यामागं ठेवली. त्या वळल्या तर मागच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे.

आत्याबाईंनी गोठ्याकडं बघितलं. मग सोजराक्कांच्या कपाळाकडं. मी चुलीत फुंकर घालायची विसरले होते. माझ्या मनात आलं, आता संपलं सगळं. आत्याबाईंसारखी रीत पाळणारी बाई गावात दुसरी नव्हती.

सोजराक्काच म्हणाल्या, "गयाबाय, तुमीच वळा गव्हला. मी उभीच बरी."

"कामून?"

"तुमी बगितलं की."

"मी काय बगितलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "माज्या डोळ्याला पडदा आलाय, समद्या गावाला ठाऊक हाय." त्यांच्या डोळ्याला कसला पडदा! त्या माझ्या आधी सुईत दोरा ओवायच्या. त्यांनी सोजराक्कांचं मनगट धरलं, ओढत पाटापाशी नेलं आणि खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. "बस. मुहूर्त चाललाय."

सोजराक्का बसल्या आणि त्यांनी पहिला गव्हला वळला. गव्हला जाड झाला, एका बाजूला वाकडा. एरवी आत्याबाईंनी असला गव्हला परत पिठात मळायला लावला असता. त्यांनी तो उचलून ताटाच्या मधोमध ठेवला आणि बायकांना म्हणाल्या, "हं, चला."

अक्षता पडल्या. कौसा ताडकळसला गेली. निघताना रडली, पण आई का रडत नाही हे तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजराक्का चारठाण्याला निघाल्या. जिंतूरपर्यंत गाडी मिळत होती, पण त्या म्हणाल्या, "चालते की, घाई काय हाय." रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून दशम्या बांधून घेतल्या. त्या सकाळी त्यांनी कुंकू फार नीट लावलं होतं, कडेनं जराही न पसरलेलं. मी वेशीपर्यंत गेले. त्यांनी एकदाही मागं बघितलं नाही.

काही दिवसांनी परत आल्या त्या मोकळ्या कपाळानं. किसन तापानं गेला होता, दोन पावसाळ्यांपूर्वी. शेवटी घोंगडी अंगावर होती. सटवाजीला लगेच येणं जमलं नव्हतं. म्हणजे त्या मधल्या सगळ्या गाड्यांसाठी सोजराक्का उगाच उठल्या होत्या. हा विचार मला आला आणि मी दोन दिवस जेवले नाही नीट. गावात थोडी कुजबुज झाली, की बातमी आधीच आली होती म्हणे. आत्याबाईंनी ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कानावर कवा आलं तिच्या? अक्षतेच्या नंतर. मंग?" मग ज्या त्या बाया आपापल्या कामाला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात वळवट आमच्याकडं होतं. सोजराक्का आल्या. मी सवयीनं म्हणाले, "बसा." आणि त्या बसल्या. भिंतीपाशी मांडी घालून बसल्या, ताट पुढं ओढलं आणि नखुले पाडायला लागल्या. उकळायला, गार करायला कोण, असं आत्याबाईंनी विचारलं, तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ती करंल. तिला येतंय आता." मी उठले. कैरी किसली, फडकं वाऱ्याला टांगलं, दही बाजूला झाकून ठेवलं.

दुपार कलताना परभणीच्या बाजूनं गाडी आली. चाकांचा आवाज लांबूनच ओळखू यायचा. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. शेवया ओढणारीचा हात थांबला, आत्याबाईंनीसुद्धा दाराकडं बघितलं. सोजराक्का खाली मान घालून नखुले पाडत होत्या, एकामागून एक, सारखे, सरळ. गाडी जवळ आली, दारावरून गेली, जिंतूरच्या बाजूला आवाज विरत गेला.

किती वर्षं मी त्यांच्या त्या उठण्याला वैतागले होते. त्या दुपारी, हातात पळी घेऊन उभी असताना, त्यांनी एकदा तरी उठावं असं मला फार फार वाटलं.